पाटी कुणाची, भिंत कुणाची: हॉटेल कंपन्या एक झाल्यावर ब्रँडांची मांडणी कशी करतात

महाबळेश्वरला ल मेरिडियनची पाटी आहे. हे नाव मूळचं एअर फ्रान्स या विमान कंपनीचं. आपल्या प्रवाशांची मुक्कामाची सोय म्हणून तिने १९७२ साली पॅरिसमध्ये ते काढलं. मग बरेच हात बदलत ते २००५ मध्ये स्टारवुड या अमेरिकी हॉटेल कंपनीकडे आलं आणि २०१६ मध्ये स्टारवुडसकट मॅरियट या दुसऱ्या हॉटेल कंपनीच्या घरात गेलं. वेण्णा लेकवर घोडा धरून उभ्या असलेल्या माणसाला यातलं काही माहीत असायचं कारण नाही. पण तुम्ही हॉटेलच्या धंद्यात नवे असाल आणि तुमच्या कंपनीने नुकतीच दुसरी कंपनी घेतली असेल, तर पाटीमागे काय काय हललं हे तुम्हाला कळायलाच हवं.

माझा भाचा सांगलीचा. हॉटेल मॅनेजमेंट करून मुंबईत एका कंपनीच्या हेड ऑफिसात लागला. तिसऱ्याच आठवड्यात त्याचा फोन: "मामा, अकरा लोगो दिलेत माझ्याकडं आणि म्हणाले, यांची जागा ठरवून आण. मी काय ठरवणार?"

मी म्हटलं, "लोगो बाजूला ठेव. आधी सातबारा काढ."

माझी वीसेक वर्षं हॉटेलांत गेली, निम्मी फ्रंट ऑफिसला आणि निम्मी सेल्स-रेव्हेन्यूच्या खुर्चीत. आता साताऱ्यात घरच्या तीन जागा बघतो: स्टँडजवळचा जुना लॉज, हायवेवरचं हॉटेल आणि चुलतभावाशी वाटणी मिटल्यावर आमच्याकडे आलेला पाचगणीचा बंगला. म्हणजे आमच्या घरातही एक छोटं मर्जर झालंय आणि पाट्यांचा प्रश्न आम्हालाही पडला होता. भाच्याला फोनवर तुकड्यातुकड्यांनी जे सांगितलं, ते इथे सलग लिहितो.

त्याआधी एका शब्दाचं बघू. साताऱ्यात "हॉटेलात जाऊ" म्हटलं की मिसळ आणि चहा. मुक्कामाला असतो तो लॉज. या लेखात हॉटेल म्हणजे मुक्कामाचं. आणि "हॉटेल कंपनी" म्हणजे हॉटेलांची मालक असलेली कंपनी, ही समजूत आधी सोडा. बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात.

पायरी १: लोगो नको, सातबारा काढा

मोठ्या कंपन्यांच्या नावाने चालणाऱ्या बहुतेक हॉटेलांची जमीन आणि इमारत दुसऱ्याच कुणाची तरी असते: बिल्डर, साखरसम्राट, एखादं व्यापारी घराणं. कंपनीचा त्याच्याशी करार असतो. हे करार मुख्यतः दोन जातींचे.

फ्रँचायझीत हॉटेल मालक स्वतः चालवतो. कंपनी नाव, नियम, बुकिंगची यंत्रणा आणि पॉइंटची योजना (पुन्हा पुन्हा येणाऱ्या पाहुण्याच्या खात्यात पॉइंट जमा होतात ती) देते. बदल्यात खोल्यांच्या उत्पन्नाचा वाटा घेते. रॉयल्टी साधारण चार ते सहा टक्के; मार्केटिंग, बुकिंग आणि पॉइंटचा आकार धरला की आकडा सहज दहाच्या आसपास जातो.

मॅनेजमेंट करारात हॉटेल कंपनीच चालवते. जनरल मॅनेजर कंपनीचा, पगार मालकाच्या खात्यातून. कंपनीला एकूण उत्पन्नावर दोन-तीन टक्के मूळ फी आणि वर कामकाजातल्या नफ्यातला हिस्सा. शेती एकाची, कसणारा दुसरा, आणि पहिला वाटा कसणाऱ्याचा, असा हा व्यवहार.

तिसरी जात म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मालकीची हॉटेलं. ती थोडी असतात, पण निर्णय तिथेच सर्वांत लवकर होतात, म्हणून त्यांच्यावर वेगळी खूण करा.

आता एक मोठी शीट उघडा. दोन्ही कंपन्यांचं प्रत्येक हॉटेल एका ओळीत. रकाने असे: पाटी, इमारतीचा मालक, कराराचा प्रकार, करार कधी संपतो, मधेच सोडायचा तर दंड किती, खोल्या, वर्षभराचा सरासरी भाव, भरणा (म्हणजे भरलेल्या खोल्या) किती टक्के, शेवटचं नूतनीकरण कधी. आणि एक रकाना लाल रंगात: हद्द.

हद्दीचं कलम म्हणजे काय? मालक करोडो रुपये घालतो, तेव्हा कंपनीकडून लिहून घेतो की माझ्यापासून अमुक अंतरात किंवा अमुक शहरात याच नावाचं दुसरं हॉटेल तू देणार नाहीस. हे कलम तुमच्या सगळ्या योजनेवर बसलेलं असतं. समजा, तुमच्या कंपनीचा एक ब्रँड आणि विकत घेतलेल्या कंपनीचा एक ब्रँड अगदी सारखे आहेत. कागदावर दोन्हींचं एक नाव करणं शहाणपणाचं वाटतं. पण एकाच रस्त्यावर दोन्हींचं एकेक हॉटेल असेल, तर नाव एक होताच दोन्ही मालकांची हद्द मोडते आणि दोघेही वकिलाकडे जातात.

मॅरियटने स्टारवुड घेतली तेव्हा हाच पेच होता. सौदा जाहीर झाला नोव्हेंबर २०१५ मध्ये. मधे चीनच्या आनबांग या विमा कंपनीने चढी बोली लावली आणि मग अचानक माघार घेतली. २३ सप्टेंबर २०१६ ला सुमारे १३ अब्ज डॉलरला सौदा पुरा झाला आणि एका छताखाली तीस ब्रँड आले. तीस! शेरटन आणि मॅरियट यांत फरक काय, वेस्टिन आणि रेनेसान्स यांत काय, असं तेव्हा सगळेच विचारत होते. काही नावं बंद होतील असं बऱ्याच जणांनी धरून ठेवलं होतं. कंपनीने तीसच्या तीस ठेवली. एक पाटी उतरवायची तर शेकडो मालकांशी शेकडो करार नव्याने करायचे, हे तिला कळत होतं.

यातच दुसरी गोम आहे. हद्दीचं कलम सहसा त्याच नावापुरतं असतं, सख्ख्या भावाच्या नावाला ते लागू होत नाही. म्हणून जितकी नावं जास्त तितकी एकाच शहरात जास्त हॉटेलं देता येतात. ब्रँडांची संख्या ग्राहकाच्या सूक्ष्म आवडीनिवडींमुळे वाढते, असं प्रेझेंटेशनमध्ये सांगतात. माझ्या मते त्यात अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं या कलमात आहे.

पायरी २: शिडीवर बसवा

सातबारा झाला की प्रत्येक पाटीला शिडीवर पायरी द्या. धंद्यात यासाठी ठरलेली उतरंड आहे: लक्झरी, अपर अपस्केल, अपस्केल, अपर मिडस्केल, मिडस्केल, इकॉनॉमी. ही उतरंड प्रत्यक्ष मिळालेल्या सरासरी भावावर ठरते, लॉबीतल्या झुंबरावर नाही. कंपनी स्वतःला "प्रीमियम" म्हणत असेल आणि खोली २,४०० ला जात असेल, तर तुमच्या शीटवर तिची जागा २,४०० ची.

भाव नेहमी वर्षभराचा घ्या. आमच्याकडे ऑगस्टअखेर कासचं पठार फुललं की ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत शनिवार-रविवारी साताऱ्यात खोली मिळत नाही. स्टँडजवळच्या लॉजचाही भाव दुप्पट होतो. तेवढे आठवडे बघून कुणी आमच्या लॉजला अपस्केलमध्ये बसवलं, तर जुलैतल्या रिकाम्या मंगळवारी त्याने मुक्कामाला यावं.

नुसत्या भावाने मात्र शिडी पुरी होत नाही. दुसरा प्रश्न विचारायचा: पाहुणा कशासाठी आलाय? मॅरियटने तीस ब्रँड मांडताना भावाच्या थरांना आडवी रेघ मारली. एका बाजूला "क्लासिक", म्हणजे रुळलेली, अपेक्षित सेवा. दुसऱ्या बाजूला "डिस्टिंक्टिव्ह", म्हणजे जरा वेगळी चव. रिट्झ-कार्लटन, सेंट रेजिस आणि जेडब्ल्यू एकीकडे, डब्ल्यू आणि एडिशन दुसरीकडे. शेरटन क्लासिकमध्ये, तर वेस्टिन आणि ल मेरिडियन वेगळ्या चवीच्या रांगेत. या चौकटीमुळे प्रत्येक जनरल मॅनेजरला आपण शेजाऱ्यासारखं काय करायचं नाही, हे कळलं. चौकटीचा खरा उपयोग एवढाच असतो आणि तो पुष्कळ असतो.

आमच्या तीन जागांना हीच चौकट लावली तेव्हा चित्र असं निघालं. स्टँडजवळचा लॉज: सज्जनगडला जाणारे, कोर्टकचेरीला आलेले, रात्रीची एसटी चुकलेले. हायवेवरचं हॉटेल: सोमवार ते गुरुवार एमआयडीसीत आलेले इंजिनिअर आणि पुणे-बेंगळुरू गाडी चालवून दमलेली कुटुंबं. पाचगणीचा बंगला: शाळेत मुलं ठेवलेले पालक, आणि एप्रिल-मेमध्ये पुण्या-मुंबईचे लोक. पहिल्या दोन्ही जागा एकाच गावात आहेत, पण गिऱ्हाईक एक नाही. म्हणून आम्ही तिन्हींना एक नाव द्यायचा विचार सोडला. काकांचा हट्ट होता आजोबांच्या नावाचा. तो त्यांनी बिलाच्या कोपऱ्यात छापून पुरा केला.

भारतात शिडी मांडताना आणखी एक भिंत ध्यानात घ्या: ७,५०० रुपये. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर रात्री ७,५०० पर्यंतच्या खोलीवर जीएसटी ५ टक्के आहे, पण मालकाला इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. त्याच्या वर १८ टक्के, क्रेडिटसह. त्यामुळे ७,४०० आणि ७,९०० हे दोन भाव कागदावर शेजारी दिसतात, पण पाहुण्याच्या बिलात त्यांच्यात दीड हजारांहून जास्त अंतर पडतं. दोन ब्रँडांच्या मधली रेघ कुठे मारायची हे ठरवताना ती या भिंतीच्या अल्याड की पल्याड, हे आधी पाहा. आणि खालच्या बाजूच्या मालकाला नव्या पाटीसाठी गाद्या, टीव्ही, एसी बदलायला सांगाल, तेव्हा त्या खरेदीवरचा कर त्याच्याच अंगावर पडणार आहे, हे त्याच्या सीएने त्याला सांगायच्या आधी तुम्हाला माहीत असू द्या.

पायरी ३: एका गल्लीत दोन भाऊ

आता शीटवर ज्या चौकोनात दोन-तीन पाट्या एकत्र आल्या असतील तिथे थांबा. पुण्याचंच बघा. सेनापती बापट रस्त्यावर जेडब्ल्यू मॅरियट, कोरेगाव पार्कला वेस्टिन, स्टेशनजवळ शेरटन ग्रँड. २०१६ च्या आधी पहिलं एका कंपनीचं, बाकीची दुसरीचं. मोठ्या लग्नाच्या आणि कॉन्फरन्सच्या धंद्यासाठी एकमेकांच्या उरावर बसलेली. सौदा झाला आणि रातोरात सगळे एका घरचे. अशा वेळी तुमच्यापुढे चार वाटा असतात.

पहिली वाट, दोन्ही तशाच ठेवायच्या, पण विक्रीचं काम एका टीमकडे द्यायचं. साताऱ्याच्या कारखान्याला पुण्यात दोनशे लोकांची बैठक घ्यायची असेल, तर त्याला तीन कोटेशन न जाता एकच जातं आणि टीम ठरवते कुठे बसवायचं. बहुतेक कंपन्या इथूनच सुरुवात करतात, कारण करार हलत नाहीत. फक्त मालक विचारणार: मोठी ऑर्डर नेहमी शेजारच्यालाच का जाते? त्यासाठी वाटपाचा नियम लिहून ठेवा आणि दर महिन्याला आकडे दाखवा.

दुसरी वाट, दोघांत भावाचं किंवा चवीचं अंतर वाढवायचं. तिसरी, एकाची पाटी बदलायची. पुणे स्टेशनजवळचं ते शेरटन ग्रँड पूर्वी ल मेरिडियन होतं. घराबाहेर न जाता पाटी बदलली. इमारत मोठी, राजेशाही धाटणीची, ती नव्या नावाला जास्त शोभली. चौथी वाट, नाव पूर्ण बंद करायचं. ती सर्वांत शेवटी, आणि करार संपत आलेले असतील तरच.

शेरटनची गोष्ट इथे सांगायला हवी, कारण नवे लोक नेहमी दोन ब्रँडांच्या मधली भांडणं शोधतात आणि एकाच ब्रँडच्या पोटातला खड्डा बघत नाहीत. शेरटन हे १९३७ पासूनचं नाव. जगभर पसरलेलं. त्यामुळे काही हॉटेलं झकास आणि काहींचे गालिचे तीस वर्षांपूर्वीचे. पाहुण्याला नावावरून काही अंदाज येईना. स्टारवुडनेच २०१५ मध्ये चांगल्या हॉटेलांना "शेरटन ग्रँड" असा वेगळा मान दिला होता. मॅरियटने पुढे नवी रचना आखली, लोगो बदलला, आणि २०१८ मध्ये अमेरिकेतल्या फीनिक्सचं एक मोठं शेरटन चक्क विकत घेतलं. हॉटेलं विकत घ्यायची नाहीत हा ज्या कंपनीचा बाणा, तिने हे केलं, कारण मालकांना नमुना दाखवल्याशिवाय ते खिशात हात घालत नव्हते. शेतकऱ्याला बियाणं विकायचं तर आधी एक प्लॉट करून दाखवावा लागतो, तसंच हे.

सगळं एका नावाखाली आणण्याचा प्रयोग आपल्याकडे झालाय. २०१७ च्या सुरुवातीला इंडियन हॉटेल्स कंपनीने ताज, विवांता आणि गेटवे ही नावं एका "ताज" खाली आणायचं ठरवलं. नाव मोठं, १९०३ पासूनचं, मग बाकीची कशाला, असा विचार. पण ताज म्हटल्यावर पाहुणा गेटवे ऑफ इंडियासमोरचा थाट मनात धरून येतो, आणि एखाद्या गावच्या ऐंशी खोल्यांच्या हॉटेलाला ते ओझं पेलत नाही. त्याच वर्षाअखेर कंपनीची सूत्रं पुनीत छटवाल यांच्याकडे आली आणि उलटा प्रवास सुरू झाला: विवांता पुन्हा वेगळं, २०१९ मध्ये सिलेक्शन्स हे नवं नाव, पुढे गेटवेही परत. हे मर्जर नव्हतं, एकाच घरातली आवराआवर होती. पण शिकायला याहून चांगलं उदाहरण मी तरी पाहिलेलं नाही. वरच्या पायरीचं नाव खाली पसरवलं की खालचं वर जात नाही, वरचंच पातळ होतं.

पायरी ४: लग्नानंतर नाव बदलायचं का?

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने नवरीचं नवं नाव लिहायची पद्धत होती. आता बहुतेक मुली नाव बदलत नाहीत, कुणी आडनाव लावतात, कुणी दोन्ही. ब्रँडांच्या नावांतही नेमके हेच तीन प्रकार आहेत आणि मी ते असेच लक्षात ठेवतो.

नाव आणि आडनाव दोन्ही माहेरचं: कंपनी मागे राहते, पाहुण्याला ती दिसतही नाही. रिट्झ-कार्लटन असंच चालतं. लक्झरीत हे बरं. तिथे पाहुण्याला मोठ्या कुटुंबाचा गोतावळा नको असतो.

नाव आपलं, आडनाव सासरचं: विंडहॅम या अमेरिकी हॉटेल कंपनीने २०१८ मध्ये रमाडा, डेज इन वगैरे डझनभर ब्रँडांमागे "बाय विंडहॅम" जोडलं. लेमन ट्रीने २०१९ मध्ये कीज हॉटेल्स चालवणारी बर्गरुएन हॉटेल्स ४७१ कोटींना घेतली, तेव्हा कीजचं नाव पुसलं नाही. प्राइमा, सिलेक्ट, लाइट या त्याच्या पायऱ्या राहिल्या आणि मागे लेमन ट्रीचं आडनाव आलं. मधल्या आणि खालच्या थरात ही पद्धत चांगली लागू पडते. गावोगावच्या पाहुण्याला पुढचं नाव ओळखीचं असतं आणि मागच्या नावाने पॉइंट आणि भरवसा मिळतो.

सगळंच बदललं: जुनी पाटी उतरली, नवी लागली. महाग, आणि वर्षभर गोंधळ.

आपल्यासारख्या जिल्ह्यांसाठी सध्या सर्वांत बघण्याजोगं उदाहरण फर्नचं आहे. गुजरात-महाराष्ट्रातल्या मध्यम गावांत पसरलेला हा ब्रँड कॉन्सेप्ट हॉस्पिटॅलिटीचा. मे २०२५ मध्ये मॅरियटने "सिरीज बाय मॅरियट" हा नवा ब्रँड जाहीर केला आणि पहिला करार यांच्याशीच केला, सोबत कंपनीत छोटी भागीदारीही घेतली. पूर्ण कंपनी न गिळता फर्नचं नाव पुढे तसंच ठेवायचं आणि मागे सिरीजचं आडनाव लावायचं. मॅरियटला पन्नास-साठ खोल्यांच्या गावांत स्वतः उतरायला जमलं नसतं. फर्नला परदेशी पॉइंटवाला पाहुणा एकट्याने मिळाला नसता.

पायरी ५: नळजोडणी

नावांवर मीटिंगा रंगतात, पण पाहुणा चिडतो तो नळजोडणीवर: पॉइंट, बुकिंग, भावाचे कोड. दोन वाड्यांच्या मधली भिंत पाडली तरी पाण्याच्या लाइनी वेगळ्याच असतात, तसं.

पॉइंटची योजना सर्वांत नाजूक. स्टारवुडच्या योजनेचे सभासद कमालीचे निष्ठावान होते आणि मॅरियट आपले पॉइंट पातळ करणार, या भीतीने बिथरले होते. कंपनीने पहिल्याच दिवशी दोन्ही खाती जोडायची सोय दिली आणि दर उघड सांगितला: स्टारवुडचा एक पॉइंट म्हणजे मॅरियटचे तीन. योजना मात्र लगेच एक केल्या नाहीत. ते झालं ऑगस्ट २०१८ मध्ये, आणि बॉनव्हॉय हे नवं नाव फेब्रुवारी २०१९ मध्ये आलं. म्हणजे सौद्यापासून जवळजवळ अडीच वर्षं. तरीही ऑगस्टनंतर कितीतरी सभासदांच्या खात्यांतून मुक्कामाच्या रात्रींची नोंद गायब, पॉइंट गायब. तुमचा साहेब "तीन महिन्यांत एक करून टाकू" म्हणाला, तर त्याला हे वेळापत्रक दाखवा.

नळजोडणीतली गळती किती महाग पडते, तेही याच सौद्याने दाखवलं. ३० नोव्हेंबर २०१८ ला मॅरियटने जाहीर केलं की स्टारवुडच्या बुकिंगच्या डेटाबेसमध्ये चोर शिरलेत. शिरले होते २०१४ मध्ये, म्हणजे सौद्याच्या आधीच. घर घेताना भिंतीतली वाळवी कुणी बघितली नाही. ब्रिटनच्या माहिती आयुक्तालयाने २०२० मध्ये १ कोटी ८४ लाख पौंड दंड ठोठावला, मॅरियटला. स्टारवुड तोवर उरलीच नव्हती. तुम्ही ब्रँडच्या बाजूचे असलात तरी आयटीवाल्यांना पहिल्या आठवड्यात विचारा: जुन्या डेटाबेसची तपासणी बाहेरच्या माणसाकडून झाली का?

भावाचे कोड हा कंटाळवाणा भाग आहे, म्हणून थोडक्यात. दोन्हींकडच्या कंपनी-करारांचे भाव एका यादीत आणा. एकच कारखाना एका ब्रँडला ३,२०० आणि दुसऱ्याला ३,९०० देत असेल, तर त्याच्या खरेदी विभागाला ते तुमच्या आधी कळतं.

पायरी ६: मालकापुढे हिशेब

मालकाला ब्रँडची गोष्ट सांगू नका, वही दाखवा. आमच्याच हायवेवरच्या हॉटेलला एका कंपनीने पाटी देऊ केली, तेव्हा मी काकांपुढे ठेवलेला हिशेब जसाच्या तसा देतो.

खोल्या ३०. सरासरी भाव २,८००. रोज भरतात १८. म्हणजे दिवसाला ५०,४००. तीस खोल्यांत वाटलं तर दर खोलीमागे १,६८०. याला धंद्यात रेव्हपार म्हणतात आणि ब्रँडांची तुलना नेहमी यावर करायची, नुसत्या भावावर किंवा नुसत्या भरण्यावर नाही. कंपनीचा सगळा मिळून आकार १० टक्के. त्याच भावाने २० खोल्या गेल्या, तर ५६,००० येतात, त्यातले ५,६०० कंपनीचे, हातात पुन्हा ५०,४००. म्हणजे पाटीने रोज दोन खोल्या जास्त आणल्या तर आपण जिथे होतो तिथेच. त्या दोन खोल्यांची धुलाई, वीज आणि नाश्ता धरला तर तीन आणायला हव्यात. काका म्हणाले, "तीन आणतील याची हमी देतात का लिहून?" हमी कुणी देत नाही. पण हा प्रश्न तुमच्या कंपनीचा प्रत्येक मालक विचारणार, तेव्हा उत्तरात मागच्या दोन-तीन बदललेल्या हॉटेलांचे आधी-नंतरचे आकडे हवेत.

पाटी बदलायची म्हटली की सोबत पीआयपी येतो, म्हणजे हॉटेल नव्या नावाच्या मापात बसवायला काय काय सुधारायचं त्याची यादी. अग्निशमनाच्या दारांपासून उशांच्या संख्येपर्यंत. मालकांचं सगळ्यांत जास्त भांडण इथे होतं. यादीचे तीन भाग करून न्या: सुरक्षेचं, जे पहिल्या दिवसाआधी झालंच पाहिजे, पाहुण्याला दिसणारं, जे वर्षभरात, आणि आपल्या डिझाइनवाल्यांची हौस, ज्यावर घासाघीस होऊ शकते. तिसरा भाग किती मोठा असतो हे पाहून तुम्हालाच लाज वाटेल. घाटावर तर वेळही बघा. महाबळेश्वर-पाचगणीला जून ते सप्टेंबर बाहेरचं रंगकाम होत नाही आणि एप्रिल-मेमध्ये कुणी खोली बंद ठेवू देत नाही. आतली कामं पावसाळ्यात, बाहेरची दिवाळीनंतरच्या मंदीत.

पायरी ७: पाटी बदलायचा दिवस

मी एका हॉटेलात असताना अशी पाटी बदलली होती. बाहेर नवी अक्षरं, आत टॉवेलवर जुना लोगो, फोन उचलणारी मुलगी दोन्ही नावं एका दमात म्हणायची, आणि गुगल मॅपवर जुनं नाव "कायमचे बंद" असं दिसत होतं. कुणीतरी उत्साहात नवी नोंद करून जुनी मिटवली होती. तीन आठवडे फोन यायचे: तुम्ही चालू आहात ना? शिवाय सात वर्षांत साठलेले अभिप्राय गेले. म्हणून मॅपवर नवी नोंद कधीही करू नका. जुन्याच नोंदीचं नाव बदला. बुकिंगच्या साइट्सवरही तेच, आणि निदान वर्षभर वर्णनात "पूर्वीचे अमुक" हे शब्द राहू द्या. फोन नंबर तोच ठेवा.

परवान्यांवरचं नाव जीएसटी, एफएसएसएआय (खाद्यपदार्थांचा परवाना देणारी संस्था) आणि अबकारी खात्याकडे आधी बदलून घ्या, कारण बिलावर एक नाव आणि दारावर दुसरं असलं की कंपनीच्या पाहुण्याचं बिल त्याचा अकाउंट्सवाला परत पाठवतो. परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची सरकारी नोंद करणाऱ्या माणसाला नवं नाव कळवलं का, तेही बघा. आणि रात्रपाळीच्या वॉचमनला विसरू नका. रात्री दोनला कोल्हापूरहून आलेली गाडी "ते जुनं हॉटेल कुठंय?" असं त्यालाच विचारणार असते.

भाच्याचा परवा फोन होता. अकरा लोगोंपैकी नऊंचे करार हाती लागलेत आणि दोन पाट्यांची हद्द एकाच शहरात एकमेकींवर चढलेली निघाली. उरलेल्या दोन मालकांनी कागद अजून पाठवलेले नाहीत. त्यातल्या एकाकडे तो सोमवारी स्वतः निघालाय, आणि जाता जाता साताऱ्याला उतरून कंदी पेढे घेणार आहे.